एका पातळीतलं घर

आमच्या थोरल्या नणंदबाईंना बिल्डिंगमध्ये सगळे लगबगताई म्हणतात. नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. ही पोरगी बसलेली दिसली की आधी कपाळाला हात लावून बघा, ताप असेल, असं ते म्हणायचे. साठी उलटली तरी ताईंचं ते काही गेलेलं नाही. चहा उभ्याने, फोन उभ्याने, आणि कुणाशी बोलत असल्या तरी हात रिकामे नाहीत. समोर जो कपडा दिसेल त्याची घडी. एकदा आमच्या ह्यांनी अर्धवट वाचून ठेवलेल्या पेपरची त्यांनी अशी काही घडी घातली, की ह्यांना वाटलं तो रद्दीचा. टाकूनही दिला.

घडीची सवय नोकरीतली. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. वॉर्डावॉर्डातून येणाऱ्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे, उशांचे अभ्रे. मशीनमधून निघालं की फाटकं बाजूला, विरलेलं बाजूला, धड ते वर. संध्याकाळी जिना चढताना दिसायच्या तेव्हा अंगाला साबणाचा आणि वाफेचा वास, बोटांची टोकं सुरकुतलेली, आणि तरीही घरी पोचताच पदर खोचून पुन्हा सुरू.

त्यांचे मिस्टर, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. डोळे गेले ते काचबिंदूने, हळूहळू. आधी दाजींना वाटलं, दुकानातला दिवा मंद झालाय. दिवा बदलला. मग त्याहून मोठा लावला. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "दाजी, दुकान चालवताय का नाटक बसवताय?" डॉक्टरांकडे गेले तोवर फार उशीर झाला होता.

पण माणूस हिकमती. थोडी नजर शिल्लक होती तेव्हाच त्यांनी घर पाठ करून टाकलं. डोळे मिटून घरभर फिरायचे, आणि ताई ओरडायच्या, "अहो, आहे ती नजर तरी वापरा!" पुढे नजर गेली, तरी घरातलं त्यांचं चालणं थांबलं नाही. सकाळचा चहा त्यांचाच. भात लावणं, दाढी, रेडिओ उघडून पुन्हा जोडणं, दाराची बेल वाजली की आधी तेच. एकदा कुणी विम्याचा माणूस आला. त्याने त्यांच्या हातात माहितीपत्रक ठेवलं आणि बोलत सुटला. दाजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठेवून जा, निवांत वाचतो." तो बिचारा आनंदाने गेला. ताईंना हे सांगताना हसू आवरायचं नाही. ताईंना कशाचा अभिमान असेल तर याचा. नोकरीचा नाही, परगावी सुखात असलेल्या लेकीचाही नाही. "माझ्या घरात माझ्या नवऱ्याला कुणाचा हात धरावा लागत नाही," असं त्या म्हणायच्या.

आम्ही त्यांच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहतो. वर दाजी चालले की मला खाली स्वयंपाक करताना कळायचं, आता स्वयंपाकघर, आता बाहेरची खोली, आता गॅलरी. न अडखळता, आपल्याच तंद्रीत चालणारी पावलं. आपल्या डोक्यावर कुणीतरी सुखात आहे, असं वाटायचं.

तर ताई निवृत्त झाल्या, आणि सहा महिन्यांच्या आत त्यांच्या डोक्यात घराने घर केलं. निमित्त झालं त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचं. त्यांनी आपला फ्लॅट नवा करून घेतला होता आणि सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. मीही गेले होते. फरशी अशी, की आपलं तोंड दिसावं. कपाटांना मूठ नाही, कडी नाही, बोटाने दाबलं की उघडतात. शेगडी म्हणजे नुसती काळी काच. ताईंनी एकेका भिंतीवरून तळहात फिरवला. येताना रिक्षात म्हणाल्या, "आपल्या घरात गेल्यावर मला आता भिंती खायला उठतील बघ."

त्यातून जिन्यात एक बोलणं त्यांच्या कानावर पडलं. वरच्या मजल्यावरची एक बाई दुसरीला म्हणत होती, "तिला घर करून दाखवायचंय तरी कुणाला? घरात बघणारं कोण आहे?"

ते ऐकून ताई माझ्याकडे आल्या. माझ्या ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा घडी घातली. "आयुष्यभर परक्यांच्या चादरी पांढऱ्या केल्या गं," त्या म्हणाल्या. "आता माझं घर. लोकांनी दारात पाय ठेवला की म्हटलं पाहिजे, ह्यांचं बरं चाललंय."

त्यांची हौस खोटी नव्हती. घर जुनं झालंच होतं. बाथरूमची भिंत ओल धरत होती, स्वयंपाकघरातली काळी खडबडीत फरशी कितीही घासली तरी मळकीच दिसायची, आतल्या खोलीतली एक लादी पाय पडला की डुलायची. आणि प्रत्येक दारात उंबरा. त्याच सुमारास एका उंबऱ्याला दाजींच्या अंगठ्याला ठेच लागून नख काळंनिळं झालं होतं. ताईंनी मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावलं, "सगळं घर एका पातळीत पाहिजे. उंबरे काढा, बाथरूमची पायरी काढा, सगळीकडे एकच फरशी. आमच्या ह्यांना कुठे अडखळायला होता कामा नये."

"होऊन जाईल, ताई," मिस्त्री म्हणाला. हे त्याचं पालुपद. पुढे त्या तीन शब्दांनी आमच्या अंगावर काटा यायला लागला.

दाजींना विचारलं नाही असं नाही. माझ्यासमोर विचारलं. "अहो, फरशी कुठली घालू?"

"तुला आवडेल ती."

"तुमचं काहीच म्हणणं नाही का?"

"आहे ना. लवकर आटपा. तुझ्या भावाकडे राहायचंय, तो घोरतो. डोळे गेलेत, आता कान गेले तर राहिलं काय माझ्याकडे?"

मिस्त्रीने महिना सांगितला होता. दोघं आमच्याकडे राहायला आले. आमचं घर म्हणजे त्यांच्याच घराचा साचा, तेच दरवाजे, तेच उंबरे, तीच फरशी. दाजी पहिल्या संध्याकाळीच आमच्याकडे आपलं घर असल्यासारखे वावरायला लागले. फक्त आमचं फ्रीज आडवं आलं, तेव्हा त्याला "माफ करा हं" म्हणाले.

आणि वर ठोकाठोक सुरू झाली. आमच्या पंख्यावर, भांड्यांत, देवाच्या तसबिरींवर पांढरी पूड. मी सकाळी देव पुसायची, दुपारी पुन्हा पुसायची. ताई डोक्याला रुमाल बांधून वर जायच्या, खाली यायच्या, पुन्हा वर. सुतार म्हणायचा, आधी फरशी होऊ दे, मग मापं घेतो. मिस्त्री म्हणायचा, कपाटं कुठे येणार ते सुताराने सांगितल्याशिवाय फरशी कशी घालू? दोघं एकमेकांची वाट बघत वेगवेगळ्या बिड्या ओढत बसायचे. नळवाल्याने पाइप भलत्याच भिंतीतून नेला. गरम पाण्याची तोटी फिरवली की गार यायचं. तो म्हणाला, "सवय होते." ताई म्हणाल्या, "मला सवय करून घ्यायला ठेवलंय का तुम्ही सगळ्यांनी?" बाथरूमचं दार असं बसवलं की उघडल्यावर दिव्याचं बटण त्याच्यामागे जायचं. फरशीची दुसरी गाडी आली ती वेगळ्याच छटेची. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की वाळल्यावर एक होईल. आधीच भाजून वाळलेली फरशी अजून किती वाळणार, हे आमच्या ह्यांनी विचारलं, तर ताई त्यांच्यावरच उसळल्या.

त्या दिवसांत ताई जेवायच्या नाहीत, गिळायच्या. मधेच उठून छताकडे कान द्यायच्या. "ठोकायचं थांबलं का गं?" आवाज आला तरी बेचैन, नाही आला तर जास्त बेचैन. दाजी म्हणायचे, "बस जरा." त्या म्हणायच्या, "तुम्हाला काय कळणार, बघावं लागतं सगळं." आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन जीभ चावायच्या. दाजी हसून म्हणायचे, "बघ, बघ. माझ्या वाटचंही बघ."

महिन्याचे तीन झाले. घर झालं.

मी पाहिलं आणि खोटं कशाला सांगू, माझेही डोळे दिपले. दारापासून गॅलरीपर्यंत एक सलग पांढरी फरशी. कुठे चढ नाही, उतार नाही. कपाटं भिंतीत भिंत होऊन गेलेली. ताईंनी दाजींचा हात धरून त्यांना घरभर फिरवलं. "हा बघा हॉल. इकडून या. आता आतली खोली."

दाजी चपला काढून चालत होते. मधेच थांबून त्यांनी पाऊल पुढेमागे घासलं. "छान. गुळगुळीत झालंय," म्हणाले. आणि मग, "आता आपण कुठे आहोत?"

"स्वयंपाकघरात, अहो! एवढंही कळत नाही का?"

"कळेल," दाजी म्हणाले.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटलं, नवं आहे, रुळतील. ते दोघं वर गेले आणि माझं घर मोकळं झालं, त्याच आनंदात मी होते. दोन-चार दिवसांनी भाजी चिरताना लक्षात आलं, वर काही ऐकूच येत नाही. ताईंची पावलं येत होती, धडाधड, नेहमीसारखी. दाजींची नाही.

काहीतरी निमित्त काढून मी वर गेले. दाजी हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. शेजारी रेडिओ, तोही बंद. "पाणी हवं होतं," ते ताईंना म्हणाले. पाणी मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ताईंनी भांडं आणून हातात दिलं ते जरा आपटूनच.

जिन्यापर्यंत मला सोडायला आल्या आणि फुटल्या. "पाहुण्यासारखे बसून असतात. चहा करत नाहीत, बेल वाजली तर उठत नाहीत. कालच मी म्हटलं, प्रयत्न तरी करा. तर म्हणतात करतो. आणि बसून राहतात. एवढं घर केलं गं मी, एवढं केलं, आणि ह्यांना त्याचं काही नाही."

"शेगडीचं काय?" मी विचारलं. "ती काचेची जमते का त्यांना?"

"शिकवली ना! म्हणे, कुठे बोट ठेवायचं ते त्या काचेला तरी कळतं का. आहे ना विनोद सुचायला जागा अजून!"

मी समजूत घालून खाली आले. पण हातातलं काम सुचेना. देवापुढे रोज म्हणते तेच म्हटलं, सगळ्यांच्या घरी सुखसमृद्धी नांदू दे, आणि म्हणता म्हणता वाटलं, वर तर नुकतीच नांदायला आली आहे, मग तिथे एवढं चिडीचूप का?

त्यानंतरच्या आठवड्यात ताईंना पडदे आणायचे होते. रंग ठरत नव्हता म्हणून मला बरोबर नेलं. एका दुकानात निळा बरा वाटला तर तो लांबीला कमी, दुसऱ्या दुकानात लांबी होती तर रंग बसेना. ताई कापडावरून हात फिरवायच्या, नाक मुरडायच्या, पुढचं दुकान. दुपार टळायला आली. शेवटी काहीच न घेता परत आलो. ताई जिन्यातच पुटपुटत होत्या, जळलं मेलं ते घर आणि जळले ते पडदे.

दार उघडलं. दाजी हॉलच्या मधोमध उभे होते. एक हात पुढे, बोटं पसरलेली, आणि दुसरा पोटाशी. भिंतीपासून लांब, खुर्चीपासून लांब, त्या पांढऱ्या फरशीच्या अगदी मध्यावर. पायाशी पाणी पसरलं होतं.

ताईंची नजर आधी पाण्यावर गेली. "बघ!" त्या मला म्हणाल्या. "बघ, म्हटलं नव्हतं मी? गळला पाइप! त्या मेल्याला हजारदा सांगितलं, जोड नीट बसव. आता सगळी फरशी उखडायला लागणार. थांब, आत्ताच्या आत्ता फोन करते त्याला, आज सोडत नाही..." त्या पिशवीत फोन शोधायला लागल्या.

"नळ नाही गं," दाजी म्हणाले.

ताईंचा हात पिशवीतच राहिला.

मी गॅलरीकडे तोंड फिरवलं. दाजींच्या पायजम्याकडे बघायचं नव्हतं. पण मी बघत नाही हेही त्यांना दिसणार नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"किती वेळ उभे आहात?" ताईंनी विचारलं.

"आत्ताच." आणि मग, "निघालो होतो बाथरूमकडे. पोचलो असं वाटत होतं."

ताईंनी त्यांना आत नेलं. बाहेर येऊन त्यांनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. मी पुढे झाले तर हाताने मला मागे सारलं. पुसताना त्या एकदम थांबल्या आणि तळहात त्या फरशीवर ठेवून सावकाश फिरवला, हॉलकडून आतल्या खोलीकडे, तिथून स्वयंपाकघराकडे. पुन्हा उलटा. कुठेही काही लागत नव्हतं. हॉल संपला कुठे आणि खोली सुरू झाली कुठे, हे हाताला कळायला काहीच ठेवलेलं नव्हतं.

दाजी धुतलेला पायजमा घालून आले, ताईंच्या खांद्यावर हात ठेवून. खुर्चीत बसले.

"आधी कसं कळायचं तुम्हाला?" ताईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरूनच समजलं.

"पायांना कळायचं. स्वयंपाकघर खरखरीत. हॉल गार. आतली ती डुलणारी लादी आली की दोन पावलांवर पलंग. उंबरा आला की खोली बदलली." दाजी असं सांगत होते जणू एखाद्या रेडिओचा बिघाड समजावून सांगताहेत. "बाथरूमची पायरी होती. आता कुठे जावं ते घर सांगत नाही."

"ठेच लागली होती तुम्हाला. म्हणून काढले मी उंबरे. तुमच्यासाठी काढले."

"ते माहीत आहे गं. म्हणून तर कसं बोलू? एक नख गेलं होतं, ते आलंसुद्धा परत."

"आणि हे असे बसून राहणार होतात? मला न सांगता?"

"तू किती वर्षांनी काहीतरी मागितलं होतंस," दाजी म्हणाले. "मला वाटलं, तेवढं माझं मी बघतो."

ताईंना रडू आलं नाही. त्यांना राग आला. मिस्त्रीचा, जाऊबाईंचा, जिन्यातल्या त्या बाईचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं आणि दारांच्या जागा पायाने दाखवल्या. "इथे, इथे आणि इथे. फोडायचं."

मिस्त्रीने आधी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, ह्यांना बरं नाही का अशा नजरेने. "ताई, अजून कपचीसुद्धा उडालेली नाही! एवढा लेव्हलचा माल... माझ्या हातचं असं काम पंचक्रोशीत नाही. लोक हसतील मला."

"हसू देत. तुझं नाव नाही सांगणार मी."

"त्यापेक्षा चटया टाका. चटया कशा वेगवेगळ्या मिळतात."

चटया टाकल्या. पहिल्याच दिवशी एक सरकली आणि दाजी थोडक्यात बचावले. मग मिस्त्री दारांची मापं घ्यायला लागला.

फरशीच्या दुकानात या वेळी दाजींना नेलं. दुकानदार सवयीने म्हणाला, "बघा साहेब, हे नवीन डिझाइन." ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे गेला. दाजींनी चपला काढल्या आणि अंगणात मांडून ठेवलेल्या नमुन्यांवरून अनवाणी चालायला लागले. ऊन होतं, काही लाद्या तापल्या होत्या. "ही नको, पाय ओला असताना हिचा भरवसा नाही. ही... ही पलीकडे काय आहे? ही चांगली आहे." ती होती दुकानामागे टाकून दिलेली, कुणीच न घेतलेली करडी, दाणेदार लादी. दुकानदार म्हणाला, ती गोठ्यात घालतात. "मग माझं काय वेगळं?" दाजी म्हणाले. कितीतरी दिवसांनी ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंड पदराने झाकलं ते बराच वेळ काढलं नाही.

पुन्हा छिन्नी, पुन्हा धूळ, पुन्हा माझे देव पांढरे. या वेळी दाजी खाली आले नाहीत. त्या पसाऱ्यातच खुर्ची टाकून बसायचे. मिस्त्री दर थोड्या वेळाने हाक मारायचा, "दाजी, आता?" दाजी पाऊल ठेवायचे. "अजून जरा वर. तुझं गुळगुळीत करायचं वेड काही जात नाही बाबा." बाथरूमच्या दारात जुन्यासारखी पायरी आली. दारादारांत उंबऱ्यांच्या जागी आणि स्वयंपाकघरात ओट्यापुढे त्या लादीची करडी पट्टी आली. सुताराला कपाटांना मुठी बसवायला सांगितल्या तर त्याचा चेहरा रडवेला झाला. एवढ्या सफाईने केलेल्या दारांना भोकं पाडायची! ताईंनी भंगारवाल्याकडून वेगवेगळ्या मुठी वेचून आणल्या होत्या, एक लाकडी, एक पितळी कडी, एक कुठल्यातरी ट्रंकेची. जुनी शेगडी आमच्या माळ्यावर पडली होती ती वर गेली.

दिसायला म्हणाल तर घर आता ठिगळं लावल्यासारखं दिसतं. मला ते कधी सुंदर वाटलं नाही आणि ताईंनाही वाटत नसावं. ती पांढरी फरशी किती मनापासून आणली होती त्यांनी. अजूनही मधेच त्या एखाद्या करड्या पट्टीकडे बघत राहतात, आणि मग पदराने काहीतरी पुसायला लागतात.

सगळं आटोपल्यावर पहिल्या रविवारी धाकट्या जाऊबाई आणि त्यांचे मिस्टर, म्हणजे दाजींचे सख्खे भाऊ, घर बघायला यायचे होते. ताईंनी मला मदतीला बोलावलं. आम्ही स्वयंपाकघरात फळं चिरत होतो आणि ताईंचं चित्त ठिकाणावर नव्हतं. "काय म्हणेल ती? मुठी बघून काय म्हणेल? अजून पडदे नाहीत गं." एक फोड चिरायची, दहादा दाराकडे बघायचं.

बेल वाजली. ताई सुरी टाकून उठल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून दाजी निघाले. ताई जागच्या जागी थांबल्या. दाजींनी दारातली पट्टी ओलांडली, हॉलमध्ये आले, नव्या सोफ्याच्या कोपऱ्याला गुडघा आपटला, त्या सोफ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुढे जाऊन दाराची कडी काढली.

"अगंबाई, भाऊजी, तुम्ही उघडलंत दार!" जाऊबाई आत येत म्हणाल्या. आणि मग खाली पाहून, "हे काय गं, वहिनी? मधेमधे करडं कसं? फरशी कमी पडली का?"

मला वाटलं, आता ताई काहीतरी बोलणार. पण त्या फळांची ताटली घेऊन बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी निवडलीय. काही म्हणायचं असेल तर त्यांना म्हण." आवाजात कुरबुर होती, पण मान ताठ होती.

"आम्हाला तर बाई कुणी असं काही सुचवलंच नाही," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं बोट कपाटाच्या त्या ट्रंकेच्या मुठीवरून फिरत होतं. "आमचे हे तर अजून कपाट कुठलं आणि भिंत कुठली ते विचारतात. परवा डाळीचं कपाट समजून भिंतच दाबत होते."

सगळे हसले. ताई सुताराने किती छळलं ते सांगायला लागल्या, उभ्याउभ्याच, हातात ताटली तशीच. मध्येच दाजींचे भाऊ उठले आणि इकडेतिकडे बघायला लागले. "दादा, बाथरूम कुठल्या बाजूला गेलं रे आता? सगळंच बदललंय."

ताई बोलता बोलता अडखळल्या. वळून पाहिलं नाही, सुताराचंच बोलत राहिल्या, पण काय बोलताहेत ते त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही कोण जाणे. त्यांची पाठ ऐकत होती.

"बदललंय खरं," दाजी खुर्चीतून उठत म्हणाले. "चल, दाखवतो." भावाला मागे घेऊन ते निघाले, करडी पट्टी आली तिथे डावीकडे वळले, पायरीपाशी थांबले, दार ओढलं आणि त्याच्यामागे गेलेलं ते बटण चाचपून खटकन लावलं.

"थांब," ते भावाला म्हणाले, "तुला दिवा लागेल."